बिळाचा पत्ता

मे महिन्यात सांगलीला बहिणीकडे गेलो होतो. रात्री जेवताना भाच्यानं फोन माझ्या ताटाशेजारी सरकवला. “मामा, हा बघ ना.” पडद्यावर एक कोळी होता, हाताच्या पंजाएवढा आणि निळा. मोराच्या मानेवर ऊन पडलं की जो निळा दिसतो, तो निळा. पायांवर पिवळे पट्टे, पाठीवर पांढरी नक्षी. खाली किंमत आणि त्याखाली ‘घरपोच मिळेल’. बहीण आमटी वाढता वाढता म्हणाली, “दादा, तूच समजाव रे ह्याला. महिनाभर एकच धोशा लावलाय.”

भाचा आठवीत आहे. मी नुसतं ‘नको’ म्हटलं असतं तरी त्यानं ऐकलं असतं. पण त्याच्या डोळ्यांतली ओढ माझ्या ओळखीची होती. त्याच्या वयाचा असताना मीही काडेपेटीत सोनकिडे पाळले आहेत, त्यांना बाभळीचा पाला घालून रात्र रात्र उशाशी ठेवलं आहे. म्हणून मी त्याला त्या निळ्या कोळ्याची गोष्ट सांगायला घेतली.

टॅरंटुलाच्या कुळातला हा कोळी आपल्याच देशातला. शास्त्रीय नाव पोएसिलोथेरिया मेटॅलिका, आणि जगभरच्या शौकिनांत तो ओळखला जातो गुत्तीच्या नावानं. गुत्ती म्हटलं की आपल्याला मुरारराव घोरपडे आठवतात. मुंबईहून चेन्नईकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं आंध्रातलं ते गाव. तिथल्या रेल्वेच्या लाकूडवखारीत सापडलेल्या कोळ्यावरून रेजिनाल्ड पोकॉक या लंडनच्या प्राणिशास्त्रज्ञानं १८९९ साली या जातीचं वर्णन केलं. त्यानंतर शंभर वर्षं तो कुणाला दिसला नाही. गुत्तीत तो मुळी राहतच नसावा, दूरच्या जंगलातल्या ओंडक्यांबरोबर गाडीत बसून आला असावा, असं आज मानतात. २००१ साली तो नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्यामधल्या जंगलात, जुन्या झाडांच्या ढोलीत पुन्हा सापडला. त्याचा सगळा मुलूख शंभर चौरस किलोमीटरपेक्षाही कमी आहे. २००८ मध्ये तो ‘अत्यंत धोक्यात’ या वर्गात गेला. आणि याच काळात युरोप-अमेरिकेतल्या काचेच्या पेट्यांत त्याची पैदास जोरात चालू झाली होती. आधी एकेका कोळ्याला शेकडो डॉलर मोजले जात.

त्याचा निळाही सांगण्यासारखा आहे. तो रंगद्रव्याचा नाही. कोळ्याच्या अंगावरच्या केसांत अतिसूक्ष्म रचना असते, तिच्यावर पडलेल्या उजेडातला निळा तेवढा परत फिरतो. मोरपिसाचंही हेच गणित. म्हणजे मोराची आठवण आली ती काही उगाच नाही.

“पण मामा, आपल्याकडं असले नाहीतच ना?” भाचा म्हणाला. तिथं मला थांबावं लागलं, कारण आहेत. निळे नाहीत, तपकिरी आहेत, मातीच्या रंगाचे, दरडीत बीळ करून राहणारे. आणि त्यांची नावं तर आपल्या गावांवरूनच पडलेली आहेत.

१९१२ च्या उन्हाळ्यात कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे एफ. एच. ग्रेव्हली सातारा जिल्ह्यात आले होते. महाबळेश्वरला उगम पावून मेढ्यावरून खाली उतरणाऱ्या वेण्णेच्या खोऱ्यात आणि पलीकडे कोयनेच्या खोऱ्यात हेळवाकपर्यंत ते हिंडले. दगड उलटले, बांध उकरले, आणि जे मिळालं त्याच्या बाटलीवर गाव, खोरं, उंची, तारीख असं चोख लिहून ठेवलं. १९१५ साली त्यांनी टॅरंटुलाच्या कुळातल्या एका जातीला ‘सातारेन्सिस’ असं नाव दिलं. पुढं १९७७ मध्ये बी. के. टिकादर यांनी याच कुळातल्या एका कोळ्याला ‘महाबळेश्वरी’ म्हटलं. टिकादर झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या पुण्याच्या केंद्रात होते. भारतीय कोळ्यांवर काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या टेबलावर त्यांची पुस्तकं असतात. मुंबईच्या झीशान मिर्झा आणि राजेश सानप यांनी २०१४ साली सह्याद्रीतल्या या तपकिरी मंडळींची पुन्हा छाननी केली, त्यात आरे कॉलनीतल्या एका कोळ्याला ‘आरेयेन्सिस’ हे नाव मिळालं. गावं अशी शास्त्रात जाऊन बसली.

एक नाव इथं सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. २०२१ साली ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या एका इवल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याचं नाव ‘इसियस तुकारामी’ ठेवलं गेलं. हे तुकाराम म्हणजे शहीद तुकाराम ओंबळे, छातीवर गोळ्या झेलून कसाबला जिवंत धरून देणारे. ते मेढ्याजवळच्या केडंबे गावचे. ज्या जावळीत ग्रेव्हली दगड उलटत हिंडले, त्याच जावळीच्या माणसाचं नाव शंभर वर्षांनी एका कोळ्याला मिळालं. भाच्यानं हे ऐकून फोन उलटा ठेवला आणि जेवायला लागला.

आता अडचण इथून सुरू होते. ग्रेव्हलींच्या काळात बाटलीवर नेमका पत्ता लिहिणं हा सद्गुण होता. ज्ञानाचा पायाच तो: मी जिथं पाहिलं तिथं तुम्ही जाऊन पडताळा. आज तोच पत्ता कोळी गोळा करून विकणाऱ्याच्या हातात नकाशा होतो. २०२२ साली इंटरनेटवरच्या विक्रीच्या जाहिराती चाळून केलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कोळी, विंचू आणि त्यांच्या भाऊबंदांच्या १२६४ जाती विक्रीला असल्याचं आढळलं. जगातल्या ज्ञात टॅरंटुलांपैकी निम्म्याहून अधिक जाती बाजारात होत्या. मला सर्वांत खुपलेला आकडा वेगळाच. २००० सालानंतर ज्या टॅरंटुलांना शास्त्रीय नाव मिळालं, त्यांतल्या सुमारे पाव जाती एवढ्यात विकायला आलेल्या होत्या. बारसं झालं नाही तोच बाजार. मलेशियातल्या सारावाकच्या निळ्या पायांच्या कोळ्याचं तर बारसंच बाजारातून आलेल्या नमुन्यांवर झालं. २०१९ मध्ये त्याचं वर्णन छापून आलं, आणि ते नमुने बेकायदा बाहेर काढलेले होते म्हणून शास्त्रज्ञांमध्येच मोठा वाद झाला. म्हणून आता अनेक संशोधक नवी जात प्रसिद्ध करताना ठिकाण मुद्दाम धूसर ठेवतात. जिल्हा सांगतात, डोंगर सांगत नाहीत. शंभर वर्षांची चांगली सवय अशी मोडावी लागते, याचं मला वाईट वाटतं. पण त्यांचं बरोबर आहे.

दरडीतला एक कोळी उचलला तर काय एवढं बिघडतं, हा प्रश्न भाच्यानं विचारला आणि तो रास्त आहे. डास एक मारला तर काही बिघडत नाही. पण टॅरंटुलाचं आयुष्य डासासारखं नसतं. मादीला वयात यायलाच काही वर्षं लागतात, आणि पुढं ती पंधरा-वीस वर्षंही जगते. बहुतेक सगळं आयुष्य एकाच बिळात. नर मात्र वयात आला की बीळ सोडून मादी शोधत भटकतो आणि वर्ष-दीड वर्षात संपतो. म्हणजे टिकून राहते ती मादी. तीच मोठी, तीच भरदार, म्हणून गिऱ्हाइकाला तीच हवी असते. एका दरडीतल्या चार माद्या कुणी नेल्या तर पुढच्या कित्येक वर्षांची पिल्लं गेली. आणि पिल्लं फार लांब जात नाहीत. बाजूच्याच मातीत आपापलं भोक करतात. डोंगराच्या एका उतारावरची वस्ती संपली तर पलीकडच्या उतारावरून लोक येऊन ती भरत नाहीत.

मादीला ते बीळच का लागतं, हे महाबळेश्वरला कळतं. तिथली उंची सुमारे १३७० मीटर, पाऊस वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर. जून ते सप्टेंबर धुकं खाली उतरलेलं असतं आणि कपाटातल्या चपलांनाही बुरशी धरते. उन्हाळ्यात वरची जांभ्याची माती तापून कोरडी होते. पण बिळात हातभर आत गेलं की गारवा आणि ओल बारा महिने जवळजवळ सारखीच. तोंडाशी कोळी रेशमाचं अस्तर लावतो. त्या रेशमाच्या धाग्यावर किडा चालला की त्याची थरथर आत बसलेल्या मादीच्या पायांना कळते. तिला डोळे आठ असतात, पण नजर कामाची नाही. ती पायांनी ऐकते म्हटलं तरी चालेल. आता हीच मादी सांगलीच्या उन्हाळ्यात चाळीस अंशांत प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवून बघा. पाळणारे अनुभवी लोक तापमान, ओल, मातीची खोली सगळं जपतात, हे मी नाकारत नाही. त्यांच्यातल्या काहींनी अंड्याची पिशवी कशी फुटते, पिल्लू किती वेळा कात टाकतं, याच्या वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या आहेत आणि त्या शास्त्रालाही उपयोगी पडल्या. पण फोनवरची जाहिरात पाहून मागवणारा तेवढा जपत नाही. टॅरंटुलाच्या पायांत पाय ताठ करणारा स्नायू सगळीकडे नसतो. अंगातल्या द्रवाच्या दाबानं तो पाय लांब करतो. तळहातावरून टेबलावर पडला, पोट फुटलं, की तो दाब गेला आणि कोळीही गेला. हौसेनं हातावर घेतलेल्या कितीतरी कोळ्यांचा शेवट असा होतो.

कात टाकणं हा तर त्याच्या जिवावरचाच प्रसंग. साप कातडी टाकतो तसं हे नाही. सुळ्यांचं आवरण, घशाचं आणि पोटाच्या आतलं अस्तर, सगळं त्या कातेबरोबर निघून येतं. त्याआधी कित्येक दिवस कोळी खात नाही. नवखा पाळणारा घाबरून डब्यात आणखी रातकिडे टाकतो. कोळी उताणा पडून कात सोडत असतो, अंग लोण्यासारखं मऊ, नवे सुळे पांढरे. आणि तेवढ्यात भुकेला रातकिडाच त्याला कुरतडतो.

विंचवाचीही तीच कथा. आपल्याकडं ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ म्हणतात, ते कुणीतरी नीट पाहूनच म्हटलं असणार. विंचवीण अंडी घालत नाही, जिवंत पिल्लांना जन्म देते, आणि ती पांढुरकी पिल्लं पहिली कात टाकेपर्यंत आईच्या पाठीवर बसून असतात. या दिवसांत तिला फार हलवलं, छेडलं, तर ती आपलीच पिल्लं खाऊन टाकते. आता तर विंचू शोधणं सोपं झालं आहे. त्याचं कवच जंबुपार किरणांत हिरवट निळं चमकतं, तसली विजेरी कुणालाही मिळते. अभ्यासकाच्या हातात ती वरदान आहे, गोणी भरायला आलेल्याच्या हातात काय होईल ते वेगळं सांगायला नको.

इथं एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. काळ्या इंगळीचा रुबाब मोठा, पण जीव घेतो तो लहानसा लाल विंचू. महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला आलं की पुढं महाड. तिथं डॉ. हिंमतराव बावसकर यांनी लाल विंचवाच्या दंशानं हृदय आणि फुप्फुसं कशी निकामी होत जातात ते खाटेशेजारी बसून पाहिलं. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध वेळेवर दिलं तर माणूस वाचतो, हे त्यांनी १९८० च्या दशकात जगापुढं मांडलं. पूर्वी शंभरातले तीस-चाळीस रुग्ण दगावत, तिथं हा आकडा एक-दोनावर आला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. असा विंचू डब्यात घालून मुलांच्या खोलीत ठेवायचा विचार ज्याच्या मनात येतो, त्यानं आधी महाडला एकदा चौकशी करावी. टॅरंटुलाच्या दंशानं माणूस मेल्याची नोंद नाही. पण निळा गुत्तीकर आणि त्याचे झाडावरचे भाईबंद चावले तर स्नायूंत गोळे येतात आणि ते कधी कधी कित्येक दिवस राहतात. अमेरिकेतले टॅरंटुला पोटावरचे खाजरे केस उडवून शत्रूला पळवतात. आपल्याकडच्यांना ते केसच नाहीत. त्यांच्यापुढं दोनच वाटा: पळणं, नाहीतर चावणं. नवख्यानं पहिल्यांदा हात घालावा असा हा प्राणी नव्हे.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टांत फुलपाखरं होती, कोळी नव्हते. त्यामुळं कित्येक वर्षं आपले कोळी बाहेर जाताना त्या कायद्याला पकडायला जागाच नव्हती. २०१९ साली जिनिव्हाच्या परिषदेत पोएसिलोथेरिया ही अख्खी प्रजाती साइटीस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या यादीत आली. पुढं २०२२ च्या दुरुस्तीनं साइटीसची यादी आपल्या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात घेतली आणि ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्या यादीतला जिवंत प्राणी जवळ असेल तर परिवेश या सरकारी पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते, त्याचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. म्हणजे ‘घरपोच मिळेल’ लिहिणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा: कागद कुठं आहे? आपला दरडीतला तपकिरी कोळी साइटीसच्या यादीत नाही. त्याला आधार आहे तो राखीव जंगलाचा, आणि महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे त्याचा. पण रस्ता रुंद करताना जेसीबीनं दरड कापली तर तिथं कुणी कोळ्याचा विचार करत नाही, आणि विक्रेत्याच्या डब्याएवढंच नुकसान तिथंही होतं.

परदेशी कोळी इथं येतात, त्याचं एक चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. जुलै २०२० मध्ये चेन्नईला सीमाशुल्काच्या लोकांनी पोलंडहून आलेलं एक टपाल उघडलं. आत छोट्या छोट्या कुप्या, चांदीच्या कागदात आणि कापसात गुंडाळलेल्या, आणि त्यांत १०७ जिवंत कोळी. त्यांना परत पोलंडला पाठवलं. अर्ध्या जगाचा प्रवास, अंधारात, आणि पुन्हा तेवढाच परत. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे माझा पण असाच कुरिअरनं येणार होता?” मी म्हटलं, हो, असाच.

त्या रात्री झोपायच्या आधी मी त्याला आणखी एक गोष्ट सांगितली. पश्चिम ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन नावाच्या बाई होत्या. बिळाच्या तोंडावर झाकण लावून राहणाऱ्या कोळ्यांचा अभ्यास त्यांनी १९७४ साली एका राखीव माळावर सुरू केला. कोळी पकडले नाहीत, डब्यात घातले नाहीत. प्रत्येक बिळाशेजारी नंबर घातलेली खुंटी ठोकली आणि वर्षानुवर्षं येऊन बघत राहिल्या. सोळा नंबरच्या खुंटीजवळची मादी त्या पहिल्या वर्षीची. बाई म्हाताऱ्या झाल्या, काम तरुण संशोधकांकडं गेलं, आणि सोळा नंबर तिथंच. २०१६ मध्ये तिच्या झाकणाला भोक दिसलं. परजीवी गांधीलमाशीनं आत शिरून तिला मारलं होतं. तेव्हा ती ४३ वर्षांची होती. माणसाच्या नोंदीतला हा सर्वांत म्हातारा कोळी.

“आपण खुंटी ठोकायची?” भाच्यानं अंधारातून विचारलं.

ऑक्टोबरात पाऊस संपला तेव्हा मी त्याला महाबळेश्वरला नेलं. दिवसा दरड नुसती लाल दिसते. अंधार पडल्यावर विजेरीवर लाल कागद गुंडाळून, उजेड जमिनीलगत तिरका धरून चालायचं. अर्ध्या तासानं शेवाळाच्या कडेला बोटभर रुंदीचं एक भोक दिसलं, तोंडाशी पांढुरकं रेशीम, त्यावर मातीचे कण चिकटलेले. आम्ही दोघं उकिडवे बसलो. काही मिनिटं काहीच नाही. मग आतून दोन पाय पुढं आले, केसाळ, टोकाला फिकट, आणि रेशमाच्या काठावर टेकले. बोटं उंबऱ्यावर ठेवून कुणी बाहेर बघावं तसे. दरडीच्या वरून एक पान घरंगळलं. पाय क्षणात दिसेनासे झाले. भाच्यानं श्वास रोखून धरला होता तो सोडला.

खुंटी आम्ही ठोकली नाही, रस्त्यावरून जाणाऱ्याला ती दिसली असती. त्यानं वहीत बिळाची रुंदी लिहिली, रेशमाचा काठ काढला, वर वाकलेल्या पिशाच्या झाडाची फांदी काढली. फोनवर फोटो काढण्याआधी माझ्याकडं बघून लोकेशन बंद आहे का ते तपासलं. ते मी त्याला सांगितलं नव्हतं.

जानेवारीत आम्ही पुन्हा गेलो. थंडी अशी की बोटं वाकत नव्हती. झाड सापडलं, शेवाळाची कड सापडली, ती आता वाळून तपकिरी झाली होती. बिळाचं तोंड मात्र दिसेना. भाच्यानं गुडघे टेकून उजेड अगदी जवळ नेला तेव्हा कळलं. भोक तिथंच होतं. आतून रेशीम आणि माती लावून ते नीट बंद केलेलं होतं. कात टाकायला बसली असेल, किंवा थंडी जाईपर्यंत आत राहणार असेल. त्यानं वहीत तारीख घातली, पुढं लिहिलं ‘दार लावलंय’, आणि आम्ही आवाज न करता रस्त्यावर आलो.